बादलीवर वेळ लिहिली नव्हती

लातूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी तेलाचा घाणा होता. करडईची पेंड गरम असतानाच लोक म्हशींसाठी घेऊन जायचे. स्पेनमध्ये हाएनला आल्यावर माझा प्रकल्प ऑलिव्हचं तेल काढून उरणाऱ्या चोथ्यावर आहे हे ऐकून आई फोनवर म्हणाली, "म्हणजे पेंडच ना गं? एवढं शिकून पेंड चाळायला गेलीस का?"

तिचं फारसं चुकलं नव्हतं, फक्त ही पेंड ओली असते. १०० किलो ऑलिव्हमधून साधारण २० किलो तेल निघतं. उरतो तो अल्पेरुहो: साल, गर, फुटलेल्या बिया आणि फळातलंच पाणी मिळून झालेला काळपट लगदा. १९९०च्या दशकापूर्वी गिरण्यांतून अल्पेचिन नावाचं काळं पाणी वेगळं निघायचं आणि त्याने नद्या नासायच्या. मग नवी यंत्रं आली आणि ते पाणी लगद्यातच राहू लागलं.

ऑलिव्ह तेलाचं कौतुक ज्या फिनॉल्समुळे (फळातल्या, ऑक्सिडेशन रोखणाऱ्या संयुगांमुळे) होतं, ती तेलापेक्षा पाण्याला जास्त धरून असतात. तेलात उतरतात जेमतेम एक-दोन टक्के, बाकी सगळी चोथ्यात. त्यातलं मुख्य हायड्रॉक्सिटायरोसॉल. रक्तातल्या मेदाचं ऑक्सिडेशनपासून रक्षण होतं असा दावा करायचा, तर २० ग्रॅम तेलात हायड्रॉक्सिटायरोसॉल आणि त्याच्या भाईबंदांचं मिळून किमान ५ मिलिग्रॅम हवं, असा नियम युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये केला. आपल्याकडे दुकानात मिळणारं स्वस्त 'पोमेस' तेल याच चोथ्याचं, पण ते हेक्झेन या तेल विरघळवणाऱ्या द्रावकाने काढून रिफाइन केलेलं असतं. त्यात ही फिनॉल्स जवळपास उरत नाहीत. औषधाच्या आशेने ते घेऊ नका, भजी तळायला ठीक आहे.

माझं काम वरवर सोपं होतं. गिरणीतून बादली भरून आणायची, लगदा गोठवून सुकवायचा, हेक्झेनने उरलंसुरलं तेल धुवायचं, मग अल्कोहोल-पाण्यात अर्क काढून एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, मोजायचा. नोव्हेंबरभर मी हेच केलं आणि एकाही बादलीचा आकडा दुसरीशी जुळेना. एकीत हायड्रॉक्सिटायरोसॉल दुप्पट, दुसरीत अर्धं. मी मशीनचा कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) बदलला, पिपेट तपासले, मशीनला मनातल्या मनात शिव्याही घातल्या.

मार्गदर्शक बाईंनी सगळे आलेख बाजूला सारले आणि एकच विचारलं, "यातली कुठली बादली किती तासांची आहे?"

मला सांगता येईना. झाकणावर फक्त गाव आणि क्रमांक होता. एखादी बादली त्याच संध्याकाळी गोठवलेली, तर एखादी शुक्रवारी आणून सोमवारपर्यंत प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पडलेली. लगदा पडून राहिला की साखरेला बांधलेले रेणू सुटे होतात आणि हायड्रॉक्सिटायरोसॉलचा आकडा वाढतो. हवा लागत राहिली की ते ऑक्सिडाइज होतं आणि आकडा पुन्हा घटतो. म्हणजे मशीन खरं बोलत होतं, मीच प्रत्येक वेळी वेगळा पदार्थ मोजत होते. महिन्याभराचं काम कचऱ्यात.

डिसेंबरपासून कोरडा बर्फ घेऊन थेट गिरणीवर जायला लागले. पहाटे थंडीने बोटं वाकत नसत. यंत्राच्या तोंडाखाली भांडं धरायचं, छोट्या डब्यांत भरायचं, तिथल्या तिथे गोठवायचं, झाकणावर तास आणि मिनिट. गिरणीतले काका हसायचे. कचऱ्याला एवढा मान त्यांनी कधी पाहिला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात एकाच दिवसाच्या तीन डब्यांचे आलेख एकमेकांवर बसले, तेव्हा मी ते छापून भिंतीला लावले.

अर्काची कॅप्सूल करता येते, पण मला तंतुमय गरही वाया घालवायचा नव्हता. फवारणी न केलेल्या बागेतला लगदा मिळाला, तो हेक्झेनशिवाय नुसता सुकवून दळला आणि घरी ज्वारीच्या पिठात मिसळून थालीपीठ लावलं. पहिल्याच घासाला दाताखाली कचकन बी आली. मग वस्त्रगाळ केलं. वाटीभर पिठाला एक चमचा घातला तर मेथीसारखा कडवटपणा येतो आणि दह्यासोबत चांगला लागतो. दोन चमचे घातले तर माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने पाणी मागितलं.

आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "काळं का दिसतंय? करपवलंस का?"