बर्फाच्या फवाऱ्याला गुण नाहीत

गुलमर्गहून किंवा औलीहून परतलेली मंडळी मला फोटो पाठवतात आणि हमखास विचारतात, ‘ताई, स्कीइंगचा फोटो खरंच चांगला आहे की नुसताच झकास दिसतोय, हे तुम्ही कशावरून ठरवता?’ छायाचित्रांच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसले की हाच प्रश्न जरा अदबीनं येतो. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

सगळ्यात आधी मी स्कीची कड बघते. वळण घेताना स्कीअरचा बहुतेक भार बाहेरच्या बाजूच्या पायावर येतो. त्या दाबानं स्की धनुष्यासारखी वाकते आणि तिची पोलादी कड बर्फात रुतते. वाकलेली स्की फोटोत स्पष्ट दिसली की त्या क्षणी मांडीवर काय ताण आलाय, हे कधी बर्फ न पाहिलेल्या माणसालाही कळतं. ही कड धूसर असेल, फ्रेमबाहेर कापली गेली असेल किंवा बर्फाच्या धुरळ्यात हरवली असेल, तर बाकी कितीही देखणं असो, माझ्या लेखी तो फोटो मागे पडतो.

लोक भुलतात ते फवाऱ्याला. उन्हात चमकणारी बर्फाची भिंत दिसली की वाहवा सुरू होते. पण स्की आडवी घसरते तेव्हाच बर्फ सर्वांत जास्त खरवडला जातो. म्हणजे तो भलामोठा फवारा पुष्कळदा ब्रेक लावल्याचा पुरावा असतो. कडेवर नेमकं घेतलेलं वळण त्या मानानं कमी बर्फ उडवतं आणि मागे बारीक रेघ सोडून जातं. अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिननं फेब्रुवारी २०२५ मध्ये इटलीतल्या सेस्त्रिएरेला स्कीइंगच्या वर्ल्ड कपमधला १००वा विजय मिळवला, तो स्लालममध्ये, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून झटपट वळणं घेत उतरण्याच्या शर्यतीत. तिची वळणं बघा; वेग तिच्या गुडघ्यांत आणि घोट्यांत दिसतो, तो दाखवायला फवारा लागत नाही. ताज्या भुसभुशीत बर्फातलं स्कीइंग वेगळं, तिथे फवारा हाच विषय असतो. शर्यतीच्या टणक बर्फावर मात्र मी त्याला वेगळे गुण देत नाही.

स्लालममध्ये आणखी एक बारकावा आहे. स्पर्धक गेटच्या, म्हणजे वाट आखून देणाऱ्या, खांबाला वळसा घालून जात नाहीत, तो नडगीवरच्या गार्डनं आणि मुठीनं आडवा पाडत जातात. खांबाला बुडाशी बिजागरी असते, त्यामुळे तो झुकतो आणि पुन्हा उभा राहतो. एक क्षण आधी टिपलंत तर खांब चेहऱ्यासमोर येतो, एक क्षण उशीर झाला तर तो बर्फावर लोळलेला असतो. मधला, धडकेचा क्षण हवा. आजचे कॅमेरे सेकंदाला वीस-तीस फ्रेम सहज घेतात, म्हणून तो क्षण सापडण्याचं कौतुक थोडं कमी झालंय आणि त्या ढिगातून नेमकी फ्रेम निवडण्याचं वाढलंय. गॉगल आणि हेल्मेटमुळे चेहरा दिसत नाही, अशी तक्रार असते. गॉगल कुठे वळलाय ते बघा. चांगला रेसर पायाजवळच्या गेटकडे बघत नाही, नजर पुढच्या गेटवर असते, आणि मान तशी वळलेली असली की फोटोला दिशा मिळते.

आता बर्फ. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मध्यम करडं आहे असं गृहीत धरतो, म्हणून बर्फ मळकट येतो. त्यासाठी एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त एक्स्पोजर द्यावं लागतं. त्याहून जास्त दिलं की बर्फाचा पोत मरतो आणि कोरा पांढरा पट्टा उरतो. मला बर्फाचे कण दिसायला हवेत, स्कीनं मागे सोडलेली चर दिसायला हवी. सावलीतला बर्फ निळा दिसतो, कारण तिथे निळ्या आकाशाचाच उजेड पोचतो. एडिटिंगमध्ये ती निळाई पुसून टाकणारे बरेच जण भेटतात. पुसू नका हो, थंडी तिच्यातच असते!

एका बाबतीत मी फार कडक आहे. कॅमेरा तिरका धरून उतार वाढवलेला फोटो मी बाजूला ठेवते. मागची झाडं बघितली की लगेच कळतं. फर आणि पाइन उतारावरही सरळ वर वाढतात. सगळीच एका बाजूला कलली असतील तर उतार छायाचित्रकारानं तयार केलाय. मोह का होतो ते मला समजतं. ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूहेलच्या श्ट्राइफ या शर्यतीच्या उतारावर माउसेफाले नावाचा टप्पा ८५ टक्के उताराचा आहे, पण खालून टेलीफोटोनं, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सनं, घेतला तर तोही सपाट वाटू शकतो. त्यावर उपाय जागा बदलण्याचा आहे. बाजूला या, क्षितिज किंवा झाडं चौकटीत घ्या.

अपघाताच्या फोटोंबद्दलही विचारतात. निव्वळ कुणी पडलं म्हणून फोटो मोठा होत नाही. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये डाउनहिलच्या, म्हणजे सर्वांत वेगवान, शर्यतीत ऑस्ट्रियाचा हर्मन मायर हवेत फेकला गेला. छायाचित्रकार कार्ल यारब्रोनं टिपलेला तो फोटो मी मोठा मानते. अख्खं शरीर हवेत आडवं, पाय अजून स्कीत अडकलेले, त्यामुळे किती वेगानं तो आला असेल हे एका फ्रेममध्ये कळतं. तीन दिवसांनी मायरनं सुपर-जी या दुसऱ्या वेगवान शर्यतीचं सुवर्ण जिंकलं, ही माहिती फोटोत नाही आणि गुण देताना मी ती धरत नाही.

पार्श्वभूमीचंही तसंच. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये स्कीइंगच्या शर्यती झाल्या त्या यानचिंगचे डोंगर तपकिरी, कोरडे होते आणि त्यावर कृत्रिम बर्फाचा पांढरा पट्टा होता. गुलमर्गचा स्कीअर आरिफ खान त्याच उतारांवर भारताकडून उतरला होता. ते तपकिरी डोंगर कापून टाकलेले फोटो नीटनेटके दिसतात, पण ठेवलेले फोटो शर्यत कुठे आणि कशावर झाली ते सांगतात. दोन्ही समोर आले तर मी दुसऱ्याला वर ठेवते.

तर पुढच्या वेळी पाठवताना अख्खी बर्स्ट, म्हणजे एका दमात टिपलेल्या सगळ्या फ्रेम, पाठवू नका. कड, नजर आणि झाडं बघून एकच निवडा, आणि तीच का निवडली ते दोन ओळींत लिहा.