पासवर्ड बदलला आणि ओट्यावर बसले

आमच्या खान्देशातल्या कानबाईचं विसर्जन सोमवारी झालं. मंगळवारी सकाळी सुरतचे जेठ-जेठाणी गाडीला बसले आणि घर एकदम मोकळं झालं. रोटांच्या सामानाचे पैसे किराणावाल्याला द्यायचे राहिले होते, म्हणून दुपारी मी फोनवर बँकेचं पान उघडायला गेले. पान उघडलं नाही. लाल त्रिकोण आला आणि खाली अक्षरं: तुमचे कनेक्शन खाजगी नाही.

वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघितलं, तर लगेच उघडलं. पुन्हा वायफाय लावलं, पुन्हा त्रिकोण. मला वाटलं, फोनच बिघडला. स्टेशन रोडवरच्या एका मोबाइल दुकानात नेला. त्याने हातात घेऊन सांगितलं, व्हायरस आहे, रिसेट मारावा लागेल, फोटो जातील. त्या फोनमध्ये माझ्या वडिलांचे शेवटचे फोटो आहेत. मी फोन परत घेतला आणि घरी आले.

रात्री जळगावला इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला फोन लावला. त्याने एवढंच विचारलं, "मामी, हे फक्त तुमच्या फोनवर होतंय की घरातल्या सगळ्याच?" आम्ही एकेक फोन वायफायला लावून बघितला. यांचा, मुलाचा, सासूबाईंचा जुना. सगळीकडे तोच लाल त्रिकोण. म्हणजे दुखणं फोनचं नव्हतंच, कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या राउटरचं होतं.

आमचं घर अमळनेरला. मी घरीच आठवी ते दहावीची गणिताची शिकवणी घेते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर आली तेव्हा गल्लीत फायबरचं कनेक्शन आमच्याकडेच होतं. समोरच्या अक्कांच्या दोन नाती, मागच्या घरातला मुलगा, कोपऱ्यावरच्या शिंपीदादांची मुलगी, सगळी पोरं आमच्या भिंतीला टेकून अभ्यास करायची. त्यांना पासवर्ड मीच दिला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्या वर्षी त्या पोरांचा अभ्यास त्यावरच चालला. पण तो पासवर्ड होता आमच्या ह्यांचा मोबाइल नंबर, आणि 2020 नंतर कोणी त्याला हात लावला नव्हता. आणि तोच नंबर बाहेर शिकवणीच्या पाटीवर ठळक अक्षरांत रंगवलेला आहे!

भाच्याने हे ऐकलं आणि क्षणभर काही बोलला नाही. मग त्याने समजावलं. फोन राउटरला जोडला जातो तेव्हा दोघांमध्ये जी ओळखपाळख होते ती जवळपासचा कोणीही हवेतून टिपून घेऊ शकतो. नंतर तो घरी बसून एकेक पासवर्ड लावून बघतो, राउटरला पत्ताही लागत नाही. आपले मोबाइल नंबर 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून 4 अब्ज. आकडा मोठा वाटतो, पण चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते काही तासांचं काम. आमच्याकडे तर एवढीही मेहनत नको होती. पाटी वाचता आली की झालं.

दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ कॉलवर मला राउटरच्या आत नेलं. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर 192.168.1.1 हा पत्ता होता, तो ब्राउझरमध्ये टाकला. नाव विचारलं: अॅडमिन. पासवर्ड: तोही अॅडमिन. केबलवाल्याच्या माणसाने बसवताना जसा होता तसाच. जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. आमचे चार फोन आणि एक टीव्ही, एकूण पाच. यादीत होती एकोणीस.

मग त्याने मला डीएनएसची जागा दाखवली. आपण बँकेचं नाव टाकतो, पण इंटरनेटला नाव कळत नाही, आकडे कळतात. त्या नावाचे आकडे कोणते, हे फोन कोणाला तरी विचारतो, आणि कोणाला विचारायचं ते राउटर ठरवतो. आमच्या राउटरमध्ये तिथे दोन अनोळखी पत्ते कोणीतरी भरून ठेवले होते. फोन बँकेचा पत्ता विचारत होता आणि कोणीतरी त्याला दुसऱ्याच घराचा रस्ता दाखवत होतं. त्या घराकडे बँकेच्या नावाचं प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून तो लाल त्रिकोण आला. ज्याला मी फोनचा आजार समजत होते, तो फोन मला वाचवत होता.

माझे हातपाय गार पडले. त्याच क्षणी वायफाय बंद केलं, मोबाइल डेटावरून बँकेचे पासवर्ड बदलले, मागच्या दोन महिन्यांचं पासबुक बघितलं. पैसे गेले नव्हते. गेले असते तर पहिला फोन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर करायचा, हे तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

मी लगेच राउटरच्या मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट करायला निघाले होते. भाचा ओरडला, "थांबा मामी!" रिसेट केलं की कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्डही पुसले जातात आणि ते केबलवाल्याकडून परत मिळेपर्यंत नेट बंद. म्हणून आधी त्यांच्या ऑफिसला फोन केला. माणूस तिसऱ्या दिवशी आला. मी त्याला अॅडमिन-अॅडमिनबद्दल विचारलं, तर म्हणाला, "ताई, सगळ्यांकडे हाच असतो." मला राग आला. ज्याने कुलूप बसवलं त्याने सगळ्या गावाला एकच किल्ली दिली आणि कोणाला सांगितलंही नाही. पण त्याने कागदावर दोन्ही गोष्टी लिहून दिल्या, मी टाचणी दहा सेकंद दाबून धरली, आणि राउटर कोरा झाला.

वायफायचं नाव मी मुद्दाम जुनंच ठेवलं. पासवर्ड फक्त नवा, चार शब्दांचा, लांबलचक. त्यातला एक शब्द सासूबाईंच्या माहेरचा आहे, याहून जास्त सांगत नाही. मग संध्याकाळी सहाला चहा घेऊन ओट्यावर बसले.

पाच मिनिटांत मागच्या घरातला मुलगा आला. "काकू, नेट गेलं का?" त्याच्या पाठोपाठ अक्का दारातूनच ओरडल्या, "ताई, तुमनं वायफाय बंद शे का?" शिंपीदादांची मुलगी आता कॉलेजला आहे, ती फोन पुढे धरून आली, स्क्रीनवर ऑथेंटिकेशनचा प्रॉब्लेम असं काहीतरी. मग दोन घरं सोडून राहणारे भाऊ आले, ज्यांना मी कधीच पासवर्ड दिला नव्हता. त्यांना त्यांच्या मुलाने क्यूआर स्कॅन करून दिला होता. अँड्रॉइड 10 पासून फोनमध्ये जोडलेल्या वायफायचा क्यूआर दाखवता येतो, आणि त्या चौकोनात पासवर्ड सरळ उघडा लिहिलेला असतो. ज्याने एकदा स्कॅन केला तो पुढे दहा जणांना दाखवू शकतो. साडेसातपर्यंत सात घरांतली माणसं येऊन गेली. कोणाच्याही चेहऱ्यावर चोरी नव्हती. सगळे मला सांगायला आले होते की तुमचं काहीतरी बिघडलंय, बघा.

सासूबाई आत बसून ऐकत होत्या. त्या मला म्हणाल्या, "आते पोरेसले काय सांगू?" त्यांच्या मनात ते पाण्याला नाही म्हणण्यासारखं होतं. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात नळाला पाणी नसलं की ज्याच्याकडे बोअर आहे तो नळी बाहेर काढून देतो. मला उत्तर सुचेना.

उत्तर यांनी दिलं. 2008 साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या आधी एक ईमेल आला होता. तपास करत पोलीस नवी मुंबईतल्या एका फ्लॅटपर्यंत पोहोचले. त्या घरातलं वायफाय उघडं होतं आणि कोणीतरी ते वापरून ईमेल पाठवला होता. घरातल्यांचा काही संबंध नव्हता, तरी दारात पोलीस आले ते त्यांच्याच. "आई, बिल माझ्या नावावर येतं," एवढंच ते म्हणाले. सासूबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, पोरांसाठी वेगळं काही होत नाही का?

होतं. भाच्याने गेस्ट नेटवर्क चालू करून दिलं. त्यावरचे फोन इंटरनेटवर जातात, पण आमच्या घरच्या फोनपर्यंत किंवा राउटरच्या पानापर्यंत पोहोचत नाहीत. सासूबाईंचा जुना फोनही मी तिकडेच टाकला. त्यात अँड्रॉइड 6 आहे आणि अपडेट येणं कधीच थांबलंय. 2017 साली माथी वानहूफ नावाच्या बेल्जियमच्या संशोधकाने डब्ल्यूपीए2 या वायफायच्या कुलपातली जी खोट दाखवली, ती अँड्रॉइड 6 ला फार जड होती. असा फोन घरात असला तर तो बाहेरच्या खोलीतच बरा.

बाकीचं काम एका रविवारी झालं. राउटरचा अॅडमिन पासवर्ड बदलला, बाहेरून राउटर उघडण्याची सोय बंद केली, कंपनीचं नवं सॉफ्टवेअर टाकलं. डब्ल्यूपीएस बंद केलं, म्हणजे पासवर्डाऐवजी बटणाने किंवा पिनने फोन जोडण्याची सोय. हे बटण सोयीचं म्हणून सगळीकडे चालू असतं. त्याचा आठ आकडी पिन दिसायला भक्कम, पण राउटर पहिले चार आकडे बरोबर की चूक हे वेगळं सांगून टाकतो आणि शेवटचा आकडा बाकीच्यांवरून काढता येतो. मी गणिताची बाई, मला हे लगेच दिसलं: 10,000 अधिक 1,000, म्हणजे फक्त 11,000 वेळा प्रयत्न. ही खोट 2011 पासून जगाला माहीत आहे. आमचा राउटर जुना, त्यात डब्ल्यूपीए2 पर्यंतच आहे. 2018 ला आलेलं डब्ल्यूपीए3 असतं तर पासवर्ड घरी बसून ताडून बघण्याचा तो प्रकारच चालला नसता. पुढचा राउटर घेताना तेच विचारणार.

अनोळखी फोन नुसते ब्लॉक करून भागत नाही, हेही कळलं. अलीकडचे फोन वायफायला आपला खरा पत्ता न देता बनवलेला पत्ता देतात आणि तो बदलताही येतो. आज अडवलेला फोन उद्या नव्या पत्त्याने आत येईल. पासवर्ड बदलणं हाच उपाय.

मग फोन घेतले. यांच्या फोनमध्ये तेवीस जुनी वायफाय साठवलेली निघाली. लॉज, लग्नाचं हॉल, नंदुरबारचं एक हॉटेल. पासवर्ड नसलेलं वायफाय साठवलेलं असलं आणि त्याच नावाचं खोटं वायफाय कोणी उभं केलं, तर फोन न विचारता जाऊन चिकटतो. ती सगळी विसरायला लावली. हे कामासाठी सुरत-भुसावळ लाइनवर सारखे फिरतात आणि स्टेशनवरचं फुकट वायफाय वापरतात. त्यांची समजूत होती की ओटीपी येतो म्हणजे सुरक्षित. ओटीपी फक्त तुम्ही कोण ते नोंदवतो, हवेतल्या बोलण्याला कुलूप लावत नाही. स्टेशनवर बातम्या वाचा, पण बँक मोबाइल डेटावर, असं आता ठरलंय. सगळ्या नव्या फोनवर प्रायव्हेट डीएनएसही लावलं. अँड्रॉइड 9 पासून ती सोय आहे. राउटरने चुकीचा रस्ता सांगितला तरी फोन आपल्या ओळखीच्यालाच विचारतो.

एक गोष्ट लिहू की नको, असं झालं होतं. शिकवणीतल्या एका मुलाच्या फोनमध्ये कोणतंही वायफाय उघडून देणारं फुकट अॅप होतं. त्यानेच मला दाखवलं, अभिमानाने. असली अॅप तुमच्या फोनमधले साठवलेले पासवर्ड आपल्याकडे घेतात आणि दुसऱ्यांना वाटतात, तेच त्यांचं भांडवल. 2016 च्या डिसेंबरमध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने स्विचर नावाचा एक व्हायरस उघडकीला आणला होता. तो वायफाय वाटणाऱ्या अॅपच्या वेषात फोनमध्ये शिरायचा, आतून राउटरवर अॅडमिन-अॅडमिनसारखे पासवर्ड लावून बघायचा आणि डीएनएस बदलायचा. आमच्याकडे त्याच मुलाच्या फोनमुळे हे झालं, असं मी म्हणणार नाही. एकोणीस उपकरणं होती आणि दाराला कुलूप नव्हतं. मी त्याला ओरडले नाही. माझ्यासमोर बसून त्याने अॅप काढलं, आणि मग डीएनएस म्हणजे काय ते मी सगळ्या वर्गाला फळ्यावर शिकवलं. त्या दिवशी समीकरणं राहिली.

आता गेस्ट वायफाय संध्याकाळी पाच ते आठ चालू असतं. गल्लीतल्या कोणाला फॉर्म भरायचा असेल तर येऊन सांगतात, मी चालू करते. दर महिन्याच्या 1 तारखेला त्याचा पासवर्ड बदलतो आणि पोरं वहीत उतरवून घेतात. चार शब्द हवेत, कोणाचं नाव नको, नंबर नको, एवढाच नियम. या महिन्याचे शब्द त्याच मुलाने सुचवले. त्यात बोरी नदी आहे आणि त्याच्या आजीची कळण्याची भाकरी आहे. अक्कांच्या धाकट्या नातीने हात वर करून विचारलं, "मॅडम, आणि शेवटी पाटीवरचा नंबर नको ना?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, नको.