आपलं सगळं एकाच फीडमध्ये : माझा अनुभव

फ्रेंडफीड आठवतंय का कुणाला? जीमेलवाल्या पॉल बुकहाइट आणि मंडळींनी २००७ मध्ये काढलेलं, आपण नेटवर जिथेजिथे काही टाकतो ते सगळं तिथे एका ओळीत दिसायचं. २००९ ला फेसबुकने विकत घेतलं आणि २०१५ ला दुकान बंद. तेव्हापासून डोक्यात होतं की असलं काहीतरी आपलं आपणच बनवावं, म्हणजे बंद करणारं दुसरं कुणी नको.

आधी बघितलं कोण फीड देतं, म्हणजे नव्या नोंदींची प्रोग्रामला वाचता येईल अशी यादी. ब्लॉग देतो, मॅस्टोडॉनच्या (ट्विटरसारखं सोशल नेटवर्क) प्रोफाइलच्या पत्त्यापुढे .आरएसएस (.rss) लावलं की झालं, गिटहबला (प्रोग्रामर कोड ठेवतात ती साइट) .अ‍ॅटम (.atom) लावायचं, आणि मराठी विकिपीडिया तर आपण केलेल्या संपादनांचंसुद्धा फीड देतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. यूट्यूब चॅनेलचंही फीड मिळतं पण त्यात शेवटचे १५ व्हिडिओच, त्यामुळे जुनं हवं असेल तर आलेलं साठवत राहायला लागतं. इन्स्टाग्रामचा विचारच सोडला, साध्या पर्सनल अकाउंटसाठी जी एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामला माहिती देणारी सोय) होती ती २०२४ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली आणि स्क्रेपिंगच्या (वेबपानावरून माहिती खरवडून काढायच्या) भानगडीत मला पडायचं नव्हतं.

मग पायथनमध्ये फीडपार्सर (फीड वाचणारी तयार लायब्ररी), साठवायला एसक्यूएलाइट (छोटा डेटाबेस). आणणं एका संध्याकाळचं काम होतं, खरी मारामारी पुढे.

पहिली गंमत वेळेची. कुणी वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) देतं, कुणी भारतीय वेळ +०५:३० लावून, फीडपार्सर बिचारा सगळं यूटीसीत करून हातात देतो. ते तसंच छापलं तर रात्री दीडला केलेलं संपादन आदल्या दिवशीच्या रात्री आठचं दिसतं, म्हणजे तारीखच चुकते. साठवायचं यूटीसीत आणि दाखवताना भारतीय वेळ करायची, एवढं ठरवलं की सुटतं. अजून एक, पोस्ट कधी लिहिली आणि कधी बदलली या तारखा वेगळ्या असतात, बदललेली धरली तर जुन्या ब्लॉगमधली एक वेलांटी सुधारली की ती पोस्ट नव्यासारखी सगळ्यात वर येऊन बसते.

दुसरं, तीच गोष्ट दोनदा येते. ब्लॉग लिहिला की मी त्याची लिंक मॅस्टोडॉनवर टाकतो, आता फीडमध्ये दोन्ही. दोघांचे आयडी वेगळे, त्यामुळे आयडी जुळवून उपयोग नाही. शेवटी मॅस्टोडॉनच्या पोस्टमधली लिंक काढून, तिच्यामागची यूटीएम वगैरे शेपटं (वाचक कुठून आला ते मोजायला लावलेली) छाटून, ब्लॉगच्या पत्त्याशी ताडून बघितली. जुळली तर ती पोस्ट वेगळी न दाखवता ब्लॉगच्या खाली बारीक अक्षरात.

पण सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो विकिपीडियाने. एका लेखात शुद्धलेखन करायला बसलं की प्रत्येक सेव्ह म्हणजे वेगळी नोंद, आठवडाभर खपून लिहिलेला ब्लॉग त्या गर्दीत पार दिसेनासा. म्हणून एका दिवसातली एका लेखावरची संपादनं एकाच ओळीत गुंडाळली. गिटहबलाही तोच नियम. वेळेप्रमाणे रांग लावली की फीड तयार होतं हे म्हणायला ठीक आहे, वाचण्यासारखं होतं ते या गुंडाळण्यामुळे.

पान तयार झाल्यावर बहिणीला दाखवलं. तिने मजकूर वाचलाच नाही, म्हणाली "दादा तू रोज दोनपर्यंत जागा असतोस? आणि गुरुवारी दुपारी ऑफिसात काम नसतं वाटतं?" सगळं आधीपासून जाहीरच होतं हो, पण पाच ठिकाणी विखुरलेलं असताना कोण जुळवत बसतंय, इथे मीच जुळवून दिलं होतं. आता बाहेरच्या पानावर फक्त तारीख येते, वेळ नाही, आणि नोंदी दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम चढतात. वेळेसकट सगळं माझ्याच लॅपटॉपवर. कुणाला करायचं असेल तर हे आधीच ठरवा, कारण एकदा फीड कुणाच्या रीडरमध्ये (फीड वाचायच्या अ‍ॅपमध्ये) गेलं की परत ओढून घेता येत नाही.