ताईचं गाणं चार टक्के पुढे

भांडण आधी जिन्यात ऐकू आलं, माणसं नंतर दिसली.

"आहा, आहा! दोनदा आहा म्हटलं की झालं का गाणं?"

"आणि तुझं? पडद्यावर झीनत अमान नसती तर कुणी ढुंकून पाहिलं असतं?"

ठाण्यात नौपाड्याला दुसऱ्या मजल्यावर माझी दहा बाय बाराची खोली आहे. जुन्या कॅसेटी, स्पूल, तबकड्या डिजिटल करून द्यायचं काम. इथे येणारी माणसं सहसा दबकत येतात. पिशवीत आजीच्या ओव्या असतात, वडिलांचं कीर्तन असतं, कुणाच्या तरी मुंजीतला गलका असतो. कॅसेट हातात देताना अस्थिकलश द्यावा तशी देतात. भांडत भांडत वर आलेलं गिऱ्हाईक माझ्या आठवणीत हे पहिलंच.

ताई एकसष्टच्या. भाऊ दोन वर्षांनी धाकटा, डोक्यावर पूर्ण चंद्र, पण ताई त्यांना माझ्यासमोर बिनदिक्कत 'बाळ्या' म्हणत होत्या. मी बाळासाहेब म्हणायला लागलो. मागून ताईंचे यजमान आले, धापा टाकत. बाळासाहेब त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून लिहिताना मीही तेच म्हणतो. भाऊजींनी खुर्ची पकडली आणि पहिलंच वाक्य टाकलं, "तुमच्याकडे चहा मिळतो का हो? हे दोन तास चालेल."

प्रकरण असं. ताईंच्या मुलीचं लग्न. संगीताला आई आणि मामा मिळून नाचणार. गाणं एकच, कारण वेळ एकाच गाण्याचा. ताईंचं 'कुर्बानी' सिनेमातलं 'आप जैसा कोई', बाळासाहेबांचं 'डिस्को दीवाने'. दोन्ही नाझिया हसनचीच, दोन्हींचं संगीत बिद्दूचं. म्हणजे भांडण गायिकेवरून नाही, संगीतकारावरूनही नाही. एकाच झाडाच्या दोन आंब्यांवरून चाललं होतं, आणि मला विचाराल तर अशी भांडणं मिटायला सगळ्यात अवघड.

"पण दोन्ही गाणी मोबाईलवर आहेत की," मी म्हणालो. गिऱ्हाईक घालवायचा माझा हा जुना दोष.

"आहेत," ताई म्हणाल्या, "पण ती खरी नाहीत. माझं गाणं कुणीतरी मंद करून टाकलंय. अगदी मरगळलेलं."

"आणि माझं पळवलंय," बाळासाहेब म्हणाले. "रिमिक्स आहे ते. आमच्या कॅसेटमध्ये काय आरामात चालायचं!"

इथे मी कान टवकारले. दोघांची तक्रार एकच, दिशा उलट.

ताईंनी पर्समधून एक साठ मिनिटांची कोरी म्हणून घेतलेली कॅसेट काढली. कागदावर निळ्या शाईत गाण्यांची यादी. त्या काळी आवडीची गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून देणारी दुकानं असत. यादी द्यायची, चार दिवसांनी न्यायची. ही डोंबिवलीतल्या अशाच एका दुकानातली. बाळासाहेबांची मात्र एचएमव्हीची छापील कॅसेट, १९८१च्या 'डिस्को दीवाने' अल्बमची. खाऊचे पैसे साठवून घेतलेली, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

"छापील काय आणि भरलेली काय," ताई म्हणाल्या, "पहिलं ते पहिलं. पंधरा वर्षांची पोर होती 'कुर्बानी'च्या वेळी. पंधरा! आणि फिल्मफेअर घेऊन गेली."

"ते फिल्मफेअर फिरोज खानच्या पिक्चरमुळे. माझ्या गाण्याला पिक्चर नव्हता, हिरो नव्हता, हिरॉईन नव्हती. नुसत्या आवाजावर घराघरांत वाजलं. बहीण-भावाने मिळून केलेला अल्बम, झोहेब आणि नाझिया. बहीण-भाऊ कसे असावेत ते बघ जरा."

"त्या झोहेबने बहिणीचं ऐकलं असेल."

भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला. "त्याच 'कुर्बानी'त 'लैला ओ लैला' आहे. कल्याणजी-आनंदजी. अमित कुमार आणि कांचन. त्याचं नाव कुणी काढत नाही." खरोखरच कुणी काढलं नाही.

माझा मदतनीस पोरगा कोपऱ्यात वायरी गुंडाळत होता. त्याने विचारलं, "सर, डिस्को दीवाने म्हणजे ते 'स्टुडंट ऑफ द इयर'मधलं ना?" बाळासाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो वायरी घेऊन बाहेर गेला. चूक त्याची नव्हती. २०१२च्या त्या गाण्यात नाझियाचा मूळ आवाज वापरलेला आहे, आणि ती स्वतः २००० सालीच लंडनमध्ये वारली, फुप्फुसाच्या कर्करोगाने, पस्तिसाव्या वर्षी. तिच्या निधनानंतर बारा वर्षांनी आलेल्या गाण्यात तिला पहिल्यांदा ऐकणारी एक अख्खी पिढी आहे.

मी आधी ताईंची कॅसेट घेतली. डेकचं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, स्पिरिटने पुसलं, रबरी रूळ पुसला, ३००० हर्ट्झची चाचणी-टेप लावून डेकचा वेग तपासला. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. माझा डेक बरोबर होता. मग ताईंचं गाणं लावलं.

दुसऱ्याच ओळीला जाणवलं. आवाज कोवळा आहे हे मान्य, पण हा जरा जास्तच कोवळा होता. माझ्याकडे 'कुर्बानी'ची तबकडी आहे. ती लावली. प्लेअरच्या थाळीच्या कडेला ठिपक्यांच्या ओळी असतात, त्यावर लुकलुकता दिवा पडतो. वेग बरोबर असला की फिरत्या थाळीवरचे ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. ठिपके उभे होते. तबकडी खरी धरली आणि दोन्ही आवाजांच्या रेघा संगणकावर एकाखाली एक ठेवल्या. ताईंची कॅसेट चार टक्के पुढे पळत होती.

चार टक्के म्हणजे किती? वेग साधारण सहा टक्के वाढला की काळी एकची पांढरी दोन होते. ताईंचं गाणं त्या दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लटकलं होतं. पेटीवर वाजवायला गेलात तर कुठल्याच पट्टीत सापडणार नाही.

"ताई, तुमच्या त्या दुकानदाराचं मशीन हळू चालत होतं."

"हळू? मग गाणं जलद कसं?"

हे दर वेळी समजावावं लागतं. भरताना टेप हळू सरकली, तर तेवढंच गाणं कमी लांबीच्या टेपमध्ये बसतं. पुढे ती कॅसेट नीट वेगाच्या मशीनवर लावली की ती लांबी लवकर संपते, आणि गाणं धावतं, सूर चढतो. दुकानदाराला पत्ताच लागत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या मशीनवर ते बरोबरच वाजतं. म्हणजे त्या दुकानातून ज्यांनी ज्यांनी कॅसेटी भरून घेतल्या असतील, त्या सगळ्यांच्या घरी नाझिया हसन थोडी घाईत होती. लताबाईसुद्धा.

ताई गप्प. बाळासाहेबांना मात्र हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "चाळीस वर्षं चुकीचं गाणं! चाळीस वर्षं मला ऐकवते आहे!"

"बाळासाहेब, तुमची आणा."

त्यांची कॅसेट लावली आणि गाणं पेंगत पेंगत निघालं. हा शब्द माझा नाही, ताईंचा, त्या वेळचाच. "पेंगुळलेलं आहे तुझं गाणं, तेव्हाच सांगत होते." पण नुसतं हळू नव्हतं. सूर हेलकावत होता, लांब ताणलेल्या स्वरावर बोटीत बसल्यासारखं वाटत होतं, आणि वरची झिलई पार गेलेली. कुणी घोंगडी पांघरून गातंय असं.

दोन्ही कॅसेटी घरच्या एकाच टू-इन-वनवर वाजायच्या, असं दोघंही सांगत होते. म्हणजे घरच्या मशीनचा दोष नाही. तसा असता तर दोन्ही गाणी एकाच दिशेने बिघडली असती. दोष या कॅसेटमध्येच हवा. कॅसेटच्या तोंडाशी, टेपच्या मागे, पितळेच्या बारीक पट्टीवर फेल्टचा एक इवलासा चौकोन चिकटवलेला असतो. टेप हेडला हलकेच दाबून धरायची एवढंच त्याचं काम. डिंक वाळला की तो पडतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या कॅसेटींचं हेच दुखणं. मी टॉर्च मारली. फेल्ट करडं किंवा पिवळट असतं. इथे लाल काहीतरी दिसलं.

कॅसेट चिकटवलेली होती, स्क्रू नव्हते. पात्याने शिवण फोडली आणि दोन्ही रिळं अलगद उचलून स्क्रूवाल्या नव्या कवचात ठेवली. चिमट्याने तो लाल तुकडा सोडवून पांढऱ्या कागदावर ठेवला. मखमल. दोन पदरी घडी घालून, फेव्हिकॉलचा थर देऊन बसवलेली. मूळ फेल्टच्या दुप्पट जाड आणि फेव्हिकॉलमुळे काठाला टणक. एवढ्या दाबाने टेप अडकत अडकत सरकत होती, रबरी रुळाखालून घसरत होती, आणि हेडवर एका बाजूने उचलली गेल्यामुळे झिलई उडाली होती.

ताई वाकल्या. चष्मा वर केला, जवळ गेल्या.

"ही आईच्या बुगड्यांची डबी."

कुणी बोललं नाही.

"बाळ्या, ही आईच्या डबीची मखमल आहे. आतली. हा कडेचा जरीचा दोरा बघ." त्यांनी नखाने दाखवला, खरंच एक सोनेरी तार होती. "आईने मला विचारलं होतं. गॅदरिंगला ड्रेसला पट्टी लावायला मीच कापली म्हणून. दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी."

एकोणसाठ वर्षांच्या, बँकेतून निवृत्त होत आलेल्या माणसाचे कान लाल होताना मी पहिल्यांदा पाहिले.

"ब्लेडने कापली," ते म्हणाले. "नवी कॅसेट, महिन्याभरातच त्याच्या आतलं ते पडलं. वाजेचना."

"एकदा तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर बाबांनी कॅसेट फेकून दिली असती."

भाऊजींनी चहाचा रिकामा कप पुन्हा उचलून ओठाला लावला.

मी कामाला लागलो. अशा वेळी तेच बरं. नवं फेल्ट, नवं कवच, हेडचा कोन बारीक स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवत झिलई उघडेपर्यंत आणला. ताईंचं गाणं चार टक्के मागे घेतलं. मग दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला. हे करायलाच लागतं. दोन गाण्यांत जे किंचित मोठ्याने वाजेल तेच माणसाला चांगलं वाटतं, आणि त्याला आपण आवड म्हणतो. निम्म्या वादांचा निकाल आवाजाच्या खुंटीवर लागलेला असतो, गाण्यावर नाही.

आधी 'आप जैसा कोई'. ठाय म्हणावं इतकं नाही, पण पावलं जमिनीला टेकवत चालणारं. नाझियाचा आवाज एकावर एक दोन थरांत बसवलाय ते आता स्पष्ट कळत होतं. चार टक्के पळताना ते थर एकमेकांत मिसळून गेले होते. खालचा बेस नुसता भुणभुणत नव्हता, बोलत होता. बंगळूरचा हा बिद्दू लंडनला जाऊन १९७४ साली 'कुंग फू फायटिंग'सारखं जगभर वाजलेलं गाणं करून बसला होता. त्याचा हात या बेसमध्ये दिसतो. मला तर नव्याने आवडलं. ताई मान हलवत होत्या, पण नाही अशी.

"छान आहे. पण माझं नाही हे."

मग 'डिस्को दीवाने'. घोंगडी निघाली आणि खोलीत कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं झालं. वाद्यांचा तो वर चढत जाणारा लोट, मागे टाळ्यांसारखा ठेका, आणि तो आहा! तोच, ज्याची मघा जिन्यात टिंगल झाली होती. ताईंच्या चपलेचा अंगठा हलायला लागला. मी पाहिलं, भाऊजींनीही पाहिलं. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, हे तर चांगलं आहे की रे!"

मला वाटलं, मिटलं.

"हे काय चांगलं?" बाळासाहेब भडकले. "धावतंय नुसतं! माझ्या गाण्यात एक शांतपणा होता. तुम्ही रिमिक्स केलंत त्याचं."

"मी फक्त मखमल काढली, बाळासाहेब."

"घाला परत."

घालता आली असती का? आली असती. पण कॅसेटमध्ये नाही. त्या टेपला आणखी इजा करायला मी तयार नव्हतो. नशिबाने आधीची पेंगुळलेली नक्कल संगणकात उतरवून ठेवली होती, सवयीने. कुठलीही कॅसेट हाताळण्याआधी आहे तशी एकदा उतरवून घ्यायची, हा माझ्या उस्तादांचा नियम. शेवटी चार फाईली झाल्या. ताईंचं जलद, ताईंचं बरोबर, बाळासाहेबांचं पेंगुळलेलं, बाळासाहेबांचं बरोबर. पेनड्राईव्हवर नावं अशीच दिली. पैसे मी दोनचेच घेतले, चुकीच्यांचे काय घ्यायचे? तर ताई म्हणाल्या, "हव्या त्याच तर दोन आहेत. त्यांचे घ्या, बरोबरवाल्यांचे नको."

मखमलीचा तुकडा त्यांनी कागदासकट घडी करून पर्सच्या चिल्लरच्या कप्प्यात ठेवला. बाळासाहेब म्हणाले, "माझ्या कॅसेटचा पार्ट आहे तो." उत्तर मिळालं नाही.

उतरताना पुन्हा आवाज येत होते, पण बाजू बदलल्या होत्या. ताई म्हणत होत्या, "मग ते नवीनवालं 'डिस्को दीवाने'च घेऊ या," आणि बाळासाहेब, "त्यापेक्षा तुझं परवडलं, निदान पळतंय तर प्रामाणिकपणे पळतंय."

तीन आठवड्यांनी भाऊजींचा फोन आला, चहाची आठवण काढायला. मी संगीताचं विचारलं.

"'लैला ओ लैला'," ते म्हणाले. "तिघंही नाचलो."