उणे 22 मध्ये मोयनाक : अराल समुद्राच्या कोरड्या तळावर

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, 14 जानेवारी 2023 ला, आम्ही दोघं उझबेकिस्तानातल्या नुकूस शहरातून मोयनाक या गावाला निघालो. त्याच आठवड्यात उझबेकिस्तानात कित्येक दशकांत पडली नव्हती अशी थंडी पडली. ताश्कंदला पारा उणे 20 च्या आसपास उतरला, घरोघरी गॅस आणि वीज अपुरी पडू लागली आणि मिथेनचे, म्हणजे गाड्यांत भरायच्या गॅसचे, पंप बंद झाले. तिकडे बऱ्याच गाड्या मिथेनवर चालतात. आमची ठरलेली गाडी त्यापायीच रद्द झाली. हिवाळ्यात जाणार असाल तर गाडी पेट्रोलवर चालते का, हे आधीच विचारून घ्या.

मोयनाक सुमारे 200 किलोमीटर. वाटेत कापसाची शेतं, सगळी बर्फाखाली. याच कापसासाठी सोव्हिएत काळात अमूदर्या आणि सिरदर्या या नद्यांचं पाणी कालव्यांनी वळवलं. 1960 मध्ये सुमारे 68,000 चौरस किलोमीटर पसरलेला, जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर असलेला अराल त्यात आटत गेला.

मोयनाक एके काळी बंदर होतं. आता पाणी शंभराहून अधिक किलोमीटर लांब गेलंय. तिथल्या एका स्मारकाच्या कड्यावरून खाली पाहिलं, तर गंजक्या बोटी बर्फात रुतून उभ्या. गाडीतला आकडा उणे 22. खाली उतरून मी हातमोजा काढला आणि एका बोटीच्या सावलीतली चिमूटभर पांढरी भुकटी तळव्यावर घेतली. निम्मी विरघळली, निम्मी तशीच राहिली. बर्फ आणि मीठ एकत्रच पडलं होतं तिथे. बोटं मिनिटभरात बधिर झाली, पण तो तळवा मी विसरणार नाही.

समुद्र होता तेव्हा उन्हाळ्यात साठवलेली ऊब तो हिवाळ्यात किनाऱ्याला परत द्यायचा. तो आटल्यावर इथले हिवाळे आणखी कडक झाले, उन्हाळे आणखी तापले. त्या आठवड्याची लाट साऱ्या मध्य आशियावर होती, तिचं खापर एकट्या अरालवर फोडता येणार नाही. पण मोयनाकच्या माणसाला आता समुद्राचा आडोसा नाही, हे तिथल्या वाऱ्यात उभं राहिलं की अंगालाच कळतं.

आम्हाला उस्त्युर्त पठारावरून थेट पाण्यापर्यंत जायचं होतं. ड्रायव्हरदादांनी साफ नकार दिला. कच्ची वाट बर्फाखाली गेलेली, वाटेत वस्ती नाही आणि सहाच्या सुमारास अंधार. मी हट्ट धरला नाही, तुम्हीही धरू नका. पाणी बघायचंच असेल तर मे किंवा सप्टेंबरमध्ये जा, तेही दोन गाड्या घेऊन.

पायांची काळजी सगळ्यात आधी घ्या. सुती मोजे घामाने ओले होतात आणि मग पाय गोठतात, म्हणून लोकरीचेच घाला आणि एक जोड जादा ठेवा. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून. माझा बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत बंद पडला. रोख सोम, म्हणजे तिथलं चलन, जवळ असू द्या. नुकूसला एक दिवस राखून ठेवा, तिथलं साविट्स्की कला संग्रहालय चुकवू नका. शाकाहारी असाल तर नान आणि चहा सगळीकडे मिळतो, बाकी दशम्या-चटणी घरूनच न्या.

परतताना ड्रायव्हरदादांना तीळगूळ दिला. थंडीने वडी दगडासारखी झाली होती. त्यांनी ती गालात धरली, विरघळू दिली आणि खिशातून खारट कुर्त, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे, काढून आमच्या हातावर ठेवले.