एलडीएल १०४, तरीही हृदयविकाराचा झटका

४४ वर्षांचे गृहस्थ. सिगरेट नाही, मधुमेह नाही, तीन महिन्यांपूर्वीच टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून घेतलेला ईसीजी) निगेटिव्ह. छातीत दुखायला लागल्यापासून दोन तासांत ते कॅथलॅबच्या (अँजिओग्राफीच्या खोलीतल्या) टेबलावर आले तेव्हा एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी धमनी, पूर्ण बंद होती. गुठळी ओढून काढून ओसीटी (धमनीच्या आतून प्रकाशाने घेतलेलं चित्र) केली. प्लाकचा (धमनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीच्या थराचा) अडथळा जेमतेम ४० टक्के, पण वरचं आवरण ६५ मायक्रॉनहून पातळ आणि एका कडेला फाटलेलं. एवढ्याशा अडथळ्याने रक्तप्रवाह कमी होत नाही, त्यामुळे टीएमटीत काही दिसणारच नव्हतं.

“पण माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे हो डॉक्टर,” हे त्यांचं पालुपद. दाखल होतानाचा रिपोर्ट: एकूण कोलेस्टेरॉल १८२, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २२०. ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग ४४. एकूणातून तो आणि एचडीएल वजा केले की एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १०४. गणित बरोबर आहे, पण त्यात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल मोजलं जातं, कण नाहीत. ट्रायग्लिसराइड चढलं की एलडीएलचे कण बारीक होतात, एकेकात कोलेस्टेरॉल कमी मावतं आणि त्याच १०४मध्ये कितीतरी जास्त कण दडतात. प्रत्येक कणावर अपो-बी हे प्रथिन एकच असतं, म्हणून ते मोजणं म्हणजे डोकी मोजणं. ते आलं ११८, म्हणजे जास्तच. शिवाय लिपोप्रोटीन (ए), म्हणजे एलडीएलसारखाच आणखी एक कण, १९० नॅनोमोल. १२५च्या पुढे धोका धरतात. ते आनुवंशिक, पथ्याने वा स्टॅटिनने उतरत नाही.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातून कुणीतरी एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) पाठवलं. ४६ आलं आणि फाइलवर ‘धमनीदाह’ असा शेरा पडला. तो मी खोडला. झटक्यात हृदयाचा स्नायू मेला की सीआरपी दोन-तीन दिवसांत चढतंच, धमनीबद्दल त्यातून काही कळत नाही. सहा आठवड्यांनी, सर्दी-ताप नसताना पुन्हा केलं: ३.४. रोसुव्हास्टॅटिन ४० आणि इझेटिमाइब १० या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांवर एलडीएल ५१ झालं होतं, तरी दाह २च्या वरच.

धमनीच्या भिंतीत अडकलेले कण मॅक्रोफेज (संरक्षक पेशी) गिळतात, आत कोलेस्टेरॉलचे स्फटिक धरतात, त्यातून इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहाचं रसायन सुटतं आणि प्लाकचं आवरण झिजतं. २०१७च्या कॅन्टोस चाचणीत एलडीएलला हात न लावता नुसतं हे रसायन अडवलं, तर हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून साधारण १५ टक्क्यांनी घटले. या रुग्णाला क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) पाहून कोल्चिसिन हे दाह कमी करणारं औषध ०.५ मिग्रॅ रोज दिलं आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सोबत कधीच घ्यायचं नाही, हे कागदावर ठळक लिहिलं.

वडील ४९व्या वर्षी गेले होते, म्हणून धाकट्या भावाचंही लिपोप्रोटीन (ए) तपासायला लावलं. १७० आलं. त्याला तक्रार काहीच नव्हती.