स्थळप्रत

आमच्या गणेशोत्सव मंडळाची एक पत्र्याची ट्रंक आहे. गेली बरीच वर्षं ती माझ्या घरी पलंगाखाली असते, कारण मी तळमजल्यावर राहतो. तिच्यात पावती पुस्तकांच्या स्थळप्रती, म्हणजे पावती फाडून दिल्यावर पुस्तकात उरणारी आपली प्रत, आहेत, वार्षिक अहवाल आहेत, एक मुका माइक आहे आणि कधीकाळच्या हलत्या देखाव्यातल्या राक्षसाचा एक हात आहे. राक्षस कोणता, यावर मंडळात अजून दोन पक्ष आहेत.

मंडळ लहान. पुण्यात बुधवार पेठेतून मंडईकडे येताना एका गल्लीत आमचा मांडव पडतो. मानाबिनाचा प्रश्नच नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत आमचा नंबर लागेपर्यंत दुसऱ्या दिवशीचं ऊन डोक्यावर आलेलं असायचं आणि रात्री नाचणारे अर्धे जण कुठल्या तरी पायरीवर बसल्या बसल्या झोपलेले असायचे.

पण माझा गणपती त्या दहा दिवसांत नव्हताच. तो होता त्याआधीच्या तीन आठवड्यांत, वर्गणीत.

वासापूजन, म्हणजे मांडवाच्या पहिल्या वाशाची पूजा, झालं की पावती पुस्तकं छापून यायची. सातवीत गेलेल्या मुलाला पिशवी धरायला मिळायची, नववीत पावती लिहायला. पैसे मोजायचा अधिकार मात्र फक्त खजिनदार अण्णांना. सकाळी लवकर गेलं तर दुकानदार म्हणायचे, “अजून बोहनी नाही रे झाली, नंतर या.” बोहनीआधी गल्ल्यातून पैसा बाहेर काढायचा नाही, मग मागणारा साक्षात गणपती का असेना. दुपारी एक ते चार दुकानं बंद. पुण्याबाहेरचे लोक यावर विनोद करतात. आमच्यासाठी ते सरळ वेळापत्रक होतं. चारनंतरचा पहिला अर्धा तास सगळ्यात चांगला, कारण शेठ झोप काढून, चहा पिऊन आलेले असत आणि गिऱ्हाईक अजून आलेलं नसे.

आम्ही यंदाचं पुस्तक पुढे करायचो आणि ते गेल्या वर्षीचं मागायचे. “मागच्या साली किती लिहिलेत?” म्हणून जुन्या स्थळप्रती बरोबर न्याव्या लागत. अकरा लिहिले असतील तर अकराच. एकवीस करा म्हटलं की भुसारवाले काका चष्म्याच्या वरून बघत आणि विचारत, “तुमच्या गणपतीचं वजन वाढलं का?” काष्ठौषधीवाले तात्या पैशाबरोबर प्रत्येकाच्या हातावर ज्येष्ठमधाची काडी ठेवत, त्यामुळे तिथे जायला आठ-आठ पोरं तयार. भांड्यांवर नावं घालणारा कारागीर एक रुपया द्यायचा, पण मंडळाच्या प्रत्येक पातेल्यावर फुकट नाव घालून द्यायचा. ती पातेली अजून आहेत. अक्षर असं, की छापखान्याने लाजावं.

आमच्या जिन्याखाली एक छत्रीवाला बसायचा. पावसाळ्यात छत्र्या, एरवी कुलपं आणि बॅगांच्या चेन. दुकान म्हणावं तर त्याला दारच नव्हतं. त्याची पावती फाडायची का, असा प्रश्न एकदा कोणीतरी काढला, तेव्हा त्यानेच हाक मारून विचारलं, “मी काय गल्लीतला नाही?” तेव्हापासून दर वर्षी दोन रुपये.

वर्गणीचे पैसे फिरून त्याच बाजारात जायचे. तारा आणि दिव्यांची तोरणं तपकीर गल्लीतून, रंग बोहरी आळीतून, कामट्या बुरूड आळीतून, पताकांचा कागद अप्पा बळवंत चौकातून, हार मंडईतून. थोडे दिवस आधी ज्याच्याकडे हात पसरला त्याच्याकडेच आता आपण गिऱ्हाईक. तरी त्यातला कोणी भाव कमी करायचा नाही. “वर्गणी वेगळी, धंदा वेगळा.”

मोठेपणी लक्षात आलं, की हे आमच्या गल्लीपुरतं नाही. पुण्याच्या मोठ्या गणपतींची नावं म्हणून बघा. दगडूशेठ हलवाई: मिठाईचा धंदा. भाऊसाहेब रंगारी: मूळ आडनाव जावळे, वैद्यकी करायचे, शालू रंगवण्याच्या व्यवसायावरून रंगारी झाले. मग तुळशीबाग, मग मंडई. हलवाई, रंगारी, बाग, मंडई: ही देवांची यादी आहे की बाजारहाटाची? गणेशोत्सवाचा इतिहास सांगताना लोकमान्यांचं नाव आधी येतं, ते बरोबरच आहे. मंडईसमोर त्यांचा पुतळा आहे, १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उघडलेला, आणि विसर्जन मिरवणूक तिथूनच निघते. पण मांडवाच्या खांबापासून तेलवातीपर्यंतचा खर्च गल्ल्यावर बसलेल्या माणसांनी केला, हे सांगायचं राहून जातं.

मंडईची गोष्ट तर आणखी मजेदार. १८८६ साली इमारत उघडली तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. जोतीराव फुले नगरपालिकेत सदस्य असताना म्हणाले होते, की मंडईवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचं नाव लागलं. अण्णा हे सांगायचे आणि वर जोडायचे, “विरोध नोंदवलेला बरा असतो. कधी ना कधी पाटी लागते.”

अहवाल तेव्हाच मला अभ्यासाच्या पुस्तकांपेक्षा जवळचे होते. पुढची चार पानं हिशोबाची, बाकी सगळ्या जाहिराती. सुरुवातीच्या अहवालांत फोन नंबरापुढे ‘पी. पी.’ लिहिलेलं, म्हणजे शेजारच्या दुकानात फोन करा, ते हाक मारतील. नंतर प्रत्येकाचा स्वतःचा नंबर, मग त्याचे आकडे वाढत गेलेले. पाव पानाची एक जाहिरात दर वर्षी असे, मधोमध नुसतं ‘एक हितचिंतक’. हा कोण, हे मी अण्णांना कितीदा विचारलं असेल. शेवटी एकदा म्हणाले, “कधी सराफ असतो, कधी जागा भरायची असते.”

१९६१ चा अहवाल म्हणजे एकच दुमडलेला कागद. १२ जुलैला पानशेत फुटलं होतं. नदीकाठच्या पेठांतल्या दुकानांमधून अजून चिखल उपसणं चालू होतं, म्हणून वर्गणी मागायची नाही, असं त्या वर्षी मंडळाने ठरवलं. मूर्ती बसली, आरास नाही. जमेच्या बाजूला तरी काही रकमा आहेत. न मागता आलेल्या. त्यांच्यापुढे नावं नाहीत.

अनंत चतुर्दशीनंतरच्या एखाद्या रविवारी हिशोबाची सभा आणि तिला जोडून श्रमपरिहार. मसालेभात, मठ्ठा, जिलबी. नियम असा, की हिशोब मंजूर झाल्याशिवाय पानं मांडायची नाहीत. त्यामुळे मसालेभाताचा वास सुटला की सभासद कुठलीही तूट मंजूर करत. त्या पंक्तीला सगळे दुकानदार यायचे. एरवी गल्ल्यामागे अर्धेच दिसणारे लोक तिथे मांडी घालून अख्खे दिसायचे. भुसारवाले काका इतके बुटके असतील, असं मला वाटलंच नव्हतं.

आता वर्गणीच्या यादीतली पाच-सहा दुकानं उरली आहेत. भुसाराच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. तात्यांचा नातू काष्ठौषधी पुड्यांऐवजी बरण्यांत विकतो आणि त्याचं बरं चाललंय. २०२४ पासून मंडईला जमिनीखालून मेट्रो येते, त्यामुळे उपनगरात गेलेले आमचे जुने कार्यकर्ते आरतीला वेळेवर पोचतात, हा फायदाच. वर्गणी क्यूआर कोडवर येते. बोहनीचं कारण कोणी देत नाही.

छत्रीवाला एका पावसाळ्यानंतर आलाच नाही. त्याची शेवटची स्थळप्रत माझ्याच हस्ताक्षरात आहे: ‘छत्री दुरुस्ती, जिन्याखाली, रु. २. पैकी मिळाले १, येणे १.’ सुटे नव्हते त्याच्याकडे, उद्या देतो म्हणाला होता. अण्णांनी ती बाकी कधी बुडीत लिहिली नाही, आणि त्यांच्यानंतर आलेल्या खजिनदारानेही नाही. दर वर्षी हिशोबाच्या सभेत तो येण्याच्या बाजूचे आकडे वाचतो, शेवटी म्हणतो, “छत्री, जिन्याखाली, एक रुपया.” मागून कोणीतरी ओरडतं, “मंजूर!” आणि पानं मांडायला घेतात.